शेतातलं एकटं चर्च

नेमके हेच शब्द होते का, याची मला आता खात्री नाही, तरी सांगतो. ऐंशीच्या दशकात अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज या गावी माझा पीएच.डी.चा व्हायवा होता. प्रबंध इंग्लंडमधल्या एका खेड्याच्या इतिहासावर. ते खेडं मी फक्त नकाशात पाहिलेलं, आणि परीक्षक नेमके त्याच गावचे निघाले. नापास झालो असतो तर व्हिसाही गेला असता.

"आमचं चर्च शेतात एकटं का, मिस्टर गद्रे?"

"पूर्वी गाव त्याच्याभोवती होतं, सर. नंतर हललं."

"कशावरून?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्याकडे गाव उठतं, पण देऊळ तिथंच राहतं."

"म्हणजे तुम्ही तुमचं गाव उचलून माझ्या गावात ठेवलंत," असं म्हणून त्यांनी मला बाहेर बसवलं. बायकोला काय सांगायचं, हे मी तिथं बसून जुळवत होतो.

पास झालो. पण त्यांनी दया केली, हा संशय काही गेला नाही.

ते वारल्यावर बऱ्याच वर्षांनी मी त्या खेड्यात गेलो. त्यांच्या बहिणीनं बिस्किटांचा जुना डबा उघडला. आत खापरं होती.

"चर्चजवळच्या शेतातली, जुन्या वस्तीची," त्या म्हणाल्या. "भाऊ शाळेत असल्यापासून वेचायचा."