चेसिसवरचा शिक्का

निलंग्याच्या स्टँडवर लातूर गाडीची वाट बघत होतो. मागच्या बाकावर दोन जुने मित्र एकमेकांना भेटले होते; त्यांचं बोलणं माझ्या कानावर पडत होतं.

“दयानंद, भूकंपात गोठ्याखाली दबलेली तुमची मोटार काढली म्हणं?”

“हाव. चेसिसचा गंज घासला, तर कंपनीचा शिक्का दिसला. इंग्लंडची स्पोर्ट्स कार! मी लातूरला क्लासमधल्या पोरांना पेढे वाटले. पुण्याहून जुन्या गाड्यांचा जाणकार बोलावला.”

“मग?”

“शिक्का बघून त्याला हसूच आवरंना. म्हणाला, कंपनी आपल्याच देशाचं स्पेलिंग चुकवत न्हाई. ह्यात ‘इंग्लंड’ ‘ई’ऐवजी ‘आय’ अक्षरापासून सुरू केलंय.”

“अन् तू क्लासमध्ये काय शिकवतोस?”

“इंग्रजीच की! लई लाज वाटली.”

“मग शिक्का ठोकला कुणी?”

“दादांनी, माझ्या वडलांनीच. लग्नाआधी भंगारातून गाडी जोडली अन् छिन्नीनं अक्षरं कोरली. आईच्या वडलांना विलायती गाडीवालाच जावई पाहिजे होता.”

“आईला कळलं?”

“न्हाई. ती अजून आल्यागेल्याला सांगती, विलायती गाडीतून सासरी आले म्हणून. मी शिक्क्यावर जाड काळा रंग मारला. तोवर दादा दारात पहारा देत उभे होते.”