आठ टक्के विषाणू अन् एक घरजावई

...अन् वर मलाच म्हणतेत, "जावईबापू, तुमी मधी बोलू नका, हे घरातलं हाय!" आता तुमाला सांगतो, तीस वर्षं झाली मला सेलूत सासरी नांदायला! लोकांच्या बायका सासरी जातेत, मी गेलो! माझी बायको सुमंगला एकुलती एक, तिच्या बापाला तिच्याबिगर करमंना, अन् आमच्या पूर्णा गावच्या घरी भावांचीच गर्दी, म्हणलं राहू, काय होतंय? राहिलो! सासऱ्याच्या गुडघ्याला तेल कोण लावतं? मी! पत्र्यावर वानरं आली की काठी घेऊन कोण पळतं? मीच! पण कोणी विचारू द्या, "दिनकरराव, घरात कोण कोण?" की आमचे मामा, म्हंजे सासरेच हो, मामाच म्हणतो आमी, लगेच सांगतेत, "मी, लेक, नात... अन् हे बाहेरचे." हे बाहेरचे! दारात कुरिअरवाला उभा असल्यावानी!

बरं, तेबी गिळलं. पण परवा मैथिलीच्या बैठकीत काय झालं ते ऐका. मैथिली माझी लेक, पुण्याला जनुकांचं शिकायलीय. तिला मुकुल पसंत, मुकुलला ती पसंत, दोघांनी कधीच ठरवून टाकलेलं, फक्त मोठ्यांनी हो म्हणायचं राहिलेलं. मुकुलची मंडळी परभणीहून आली, संगं त्याची आजी लक्ष्मीबाई अन् एक काका. काका कसले, फौजदारच! मुरमुऱ्यांचा सुशीला बकाबका खायलेत अन् विचारायलेत, "खानदान कसं हाय? बाहेरचं काही मिसळलेलं न्हाई ना?"

मामा ताठ! "छे छे! एकदम शुद्ध! आमच्यात बाहेरचं कोण्णी न्हाई!" अन् त्याच टायमाला मी चहाचा ट्रे घेऊन बरोबर मधी उभा! काका म्हणले, "मंग हे?" मामा म्हणले, "हे बाहेरचे."

माझ्या लेकीचं नाक लाल झालं. मी डोळ्यानं खुणावायलो, गप बस माय, सोयरीक मोडंल! पण ऐकंल तर शपथ!

"आजोबा," ती म्हणली, "तुमच्यात आठ टक्के विषाणू आहेत."

काकांचा घास तिथंच अडकला. मामांनी आधी नाकाला उपरणं लावलं, "कोरोना का गं?"

"नाही हो, लय जुने! कोट्यवधी वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांच्या अंगात घुसले, बीजात शिरले, तिथून लेकराला, नातवाला, असे वारशानंच उतरत आले. आता मोडून पडलेत बहुतेक, पण आपल्या डीएनएत आठ टक्के तेच आहेत. तुमच्यात आहेत, काकांच्यात आहेत. वानरांच्यातसुद्धा कितीतरी त्याच त्याच जागी सापडतात, कारण त्यांचा अन् आपला पूर्वज एकच!"

"वानरांच्यात?" काका किंचाळले. "आमचं खानदान अन् वानरं?" अन् खोटं सांगत न्हाई, वर पत्र्यावर धाडकन आवाज! आलीच की ती, बैठकीला!

काका बशी आपटून उठले, "चला! उठा!" सुमंगला रडायली, मुकुल पांढराफटक. गेली हो, लेकीची सोयरीक गेली, अन् कोणापायी? माझ्यापायी! बापाला बाहेरचा म्हणलं म्हणून! लय वाईट वाटलं... अन् खरं सांगू? लय भारीबी वाटलं!

तेवढ्यात लक्ष्मीबाई बोलल्या, "बस रे खाली. पोरी, ते इतकी वर्षं राहिलं, काही काम करतंय का नुसतं फुकट खातंय?"

"करतं की आजी! पोटात लेकराला पोसणारी वार तयार होते ना, तिला त्याच विषाणूंकडून आलेलं जनुक लागतं. त्याच्याशिवाय लेकरू पोटात टिकायचं नाही."

"आगं माय! मंग बाहेरचं कसं? आलं, राहिलं, घरातली लेकरं वाढवली, ते घरचंच की! पेढे काढा, जमलं!"

जमलं! अहो जमलं! मी ट्रे घेऊनच नाचलो, अर्धा चहा काकांच्या धोतरावर! अन् मामा? मामांनी छातीवर हात ठेवला, डोळ्यात पाणी, "आमचा विषाणू! घरचाच!" तवापासून मोंढ्याच्या बाजारात दिसंल त्याला धरून सांगायलेत!

मी मनाशी म्हणलं, हाच टाइम हाय, मार्तंडा, विचार. "मामा, ते आलं, राहिलं, लेकरं वाढवली, घरचं झालं. मंग... मी?"

मामा जवळ आले. मंग पाठीवरून हात फिरवला हो, प्रेमानं! म्हणले, "जावईबापू, त्यांना कोट्यवधी वर्षं लागली. तुमाला आत्ता कुठं तीस होयलेत. घाई कामून करायलात?"

ऐकलं? धाडकन वाजलं ना? आली परत पत्र्यावर. जातो, हाकलायला पाहिजे... काठी? न्हाई हो, मामांनी काठीला मनाई केलीय आता. हात जोडून विनंती करायची, खाली या म्हणायचं. ती घरची हायत ना! बाहेरचा काय तो मीच!