एकेचाळीस अंगठे

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय साहेब, मुख्य कार्यालयातून एवढा प्रवास करून आलेल्या मोठ्या मॅडम, व्यासपीठावरचे पाहुणे, व्यासपीठावर खुर्च्या कमी पडल्या म्हणून खाली बसावं लागलेले पाहुणे, ज्यांच्यासाठी आपण जमलोय त्या आमच्या बाई, केंद्रातल्या सगळ्या मुली, त्यांचे आईबाप, आणि दारात चहाची किटली धरून मला 'आटप, आटप' अशा खुणा करणारे आमचे शिपाईकाका, सगळ्यांना माझा नमस्कार.

मला आभार मानायला उभं केलंय. क्लार्कदादांनी चिठ्ठी लिहून दिलीये आणि वर दमही दिलाय, "वाचायचं आणि खाली बसायचं. तुझा चावटपणा नको." दादा, वाचते. पण मधेमधे थांबेन जरा. पाय फार दुखतायत. गेले अकरा दिवस पोटऱ्यांत नुसते गोळे येतायत. का, ते पुढे येईलच.

तर पहिले आभार अध्यक्षसाहेबांचे. साहेब मुलींच्या शिक्षणावर पाऊण तास बोलले. पुढच्या रांगेत दोन मुली झोपल्या, त्याचं साहेबांनी मनावर घेऊ नये. धाकट्या भावंडांचं सगळं आवरून येतात त्या. पाठ टेकली की संपलं. मीसुद्धा त्यांच्या वयाची असताना याच केंद्रात झोपायचे. उठल्यावर बाई म्हणायच्या, "झालं का गं पोटभर? आता वाच." आता मी इथेच नोकरीला आहे, पुस्तकांना कव्हरं घालते, पेट्या वाटते. दहावीत दोनदा आपटले, तिसऱ्यांदा निघाले. एवढंच माझं शिक्षण, त्यामुळे भाषणात साखर कमी पडली तर चहात जास्त घाला.

बाईंना संस्थेने भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. छान आहे. बाई, हे पुढे केलेलं नाही, शपथ! तुम्हाला सांगते, नववीत असताना मी केंद्रातलं घड्याळ वीस मिनिटं पुढे केलं होतं. सगळ्या मुली लवकर घरी. दुसऱ्या दिवशी बाईंनी तेच घड्याळ चाळीस मिनिटं मागे लावलं, आणि आम्ही बसलो पाढे म्हणत.

दुसरे आभार मोठ्या मॅडमचे. मॅडमनी मघाशी सांगितलं, आपली संस्था किती देशांत मुलांना वाचायला शिकवते, किती मुलींना शाळेत टिकवते. आणि पुढे म्हणाल्या, बाई प्रकृतीच्या कारणास्तव मुदतीआधी निवृत्त होतायत.

मॅडम, एक विचारू? बाईंचे गुडघे मी आठ वर्षं बघतेय. आठही वर्षं ते सुजलेलेच आहेत. मग त्यांनी आत्ताच असं काय नवीन केलं?

बाई, डोळे वटारू नका. आज मी ऐकणार नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आपल्याकडे हमीपत्र असतं. मुलीचे वडील लिहून देतात, की दहावी होईपर्यंत हिला शाळेतून काढणार नाही. मग संस्था तिची फी भरते, पुस्तकं देते. हा कागद मिळवायला बाई घरोघर फिरायच्या. एकेका बापाकडे पाच-पाच वेळा. आणि आपल्या या भागात घरं कशी, तर तिसरा मजला, चौथा मजला, जिना अंधारा, कठडा तुटलेला.

दोन वर्षांपूर्वी बाईंचे गुडघे अगदीच बसले. त्यांनी एकेचाळीस हमीपत्रांचा गठ्ठा आणि शाईचं पॅड माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, "जा, तुझं तोंड चालतं ना खूप? अंगठे घेऊन ये."

मी गेले. पहिलं दार तोंडावर बंद झालं. दुसऱ्या दारात, "तुला कुणी पाठवलं गं?" तिसऱ्या मजल्यावर चढायच्या आधी मी जिन्यात बसले, पॅड उघडलं, आणि सुरू केलं. माझाच अंगठा. जाड्या बापाला जोरात दाबायचा, किडकिडीत बापाला हलकेच. तापट माणसाला जरा तिरका. एकटीच हसत होते. अर्ध्या तासात एकेचाळीस बाप उरकले.

बाईंनी गठ्ठा बघितला आणि मटकन खाली बसल्या. म्हणाल्या, "अगं कार्टे, मला हे चार महिन्यांत जमलं नसतं." आणि आपल्या डब्यातलं अर्धं मला दिलं. मी ते खाल्लं. तेव्हा सांगायला हवं होतं. तोंडात घास होता, हे काही कारण नाही.

पुढची गंमत ऐका. कुणाची मुलगी शाळेत दिसेना झाली की बाई तो कागद घेऊन त्या घरी जायच्या. "तुम्ही शब्द दिलाय. हा बघा अंगठा." वेल्डरकाकांनी तो कागद उलटासुलटा बघितला. म्हणाले, "कामाच्या गडबडीत दिला असेन. दिलाय तर दिलाय." त्यांची मुलगी आज नववीत आहे, ती काय, खिडकीपाशी बसलीये. माझ्या अंगठ्यावर दोन वर्षं बापलोक शब्द पाळत होते!

फक्त टेलरकाकांच्या घरी फसलं. मॅडम तपासणीला आल्या, पालकांना भेटल्या, काकांना हमीपत्र दाखवलं. काका म्हणाले, "मी रोज पेपर वाचतो. मला सही येते. अंगठा कशाला देईन?" आपल्या भागात कुणा बापाला सही येत असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि मी म्हणे वाचनाच्या संस्थेत काम करते.

मग सगळे कागद टेबलावर शेजारीशेजारी मांडले. सगळीकडे एकच अंगठा, मधोमध आडवा व्रण. मॅडमनी विचारलं, "हा कुणाचा?"

हा व्रण मला कव्हर कापताना कटर लागून झालाय. पट्टी बाईंनीच बांधली होती, मला शिव्या देत देत. त्यांनी कागद हातात घेतला, चष्मा वर केला, नीट बघितलं. माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. म्हणाल्या, "माझा."

मी चार हात लांब उभी होते. माझ्या तोंडातून चकार शब्द निघाला नाही. एरवी हे तोंड बंद असतं का कधी?

व्यासपीठावरच्या मान्यवरांना नम्र विनंती आहे, बाईंचा अंगठा कुणी बघितला होता का? बघा ना आता, शेजारीच बसल्यायत. आणि हा माझा.

नंतर मी बाईंना विचारलं, "असं का केलंत?" तर म्हणाल्या, "मला तसेही जिने होत नाहीत. गप कव्हरं घाल."

टेलरकाकांनी मुलीला आठवीतून काढलं. ती आता दुकानात काजबटणं करते. बाकी चाळीस जणींची खरी हमीपत्रं आजपर्यंत आली नाहीत तर त्यांचीही नावं कमी होणार, असं कार्यालयाने कळवलं. म्हणून अकरा दिवस मी तेच जिने चढतेय. प्रत्येक दारात आधी सांगायचं, मागचा अंगठा माझा होता. मग शिव्या खायच्या. मग कागद पुढे करायचा. एका आजीने झाडू उगारला. एका घरी सहा वेळा गेले. वेल्डरकाका म्हणाले, "म्हणजे मी दिलाच नव्हता?" म्हटलं, "नाही." "मग दोन वर्षं उगाच पाळला?" म्हटलं, "हो काका." बराच वेळ स्वतःच्या अंगठ्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "आण ते पॅड. पोरीला सांगू नकोस." सांगितलं मी, सॉरी काका.

अडतीस झाले. हा गठ्ठा मॅडमसमोर ठेवते. दोन कुटुंबं हा भागच सोडून गेली, कुठे ते शेजाऱ्यांनाही ठाऊक नाही. ते दोन कागद कोरेच आहेत, तेही ठेवते.

राहिला एक. टेलरकाका मला म्हणाले, "खोटं बोलणाऱ्या बाईकडे मुलगी पाठवू?" म्हटलं, "बाई नाही काका, मी." तर म्हणाले, "मला दुकानात काय सांगतेस? जिथे त्या बाईला फुलं देणार, तिथे उभी राहून सांग. मग बघू."

काका मागे खांबाला टेकून उभे आहेत. मुलगीही आलीये, गळ्यात टेप तशीच आहे. काका, सांगितलं. कागद आणि पेन इथे टेबलावर आहे.

आता चिठ्ठीतलं उरलेलं. हॉल देणाऱ्यांचे आभार, माईकवाल्यांचे आभार, शिपाईकाकांचे आभार, चहा गार झाला त्याबद्दल त्यांनी मला नंतर बोलावं. बाईंचे आभार चिठ्ठीत नाहीत आणि मला ते येतही नाहीत. माझ्या बोलण्यात कुणाचा मान राखायचा राहिला असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला. अंगठ्याचं मात्र पोटात घालू नका. त्याचं काय ते कागदावर लिहा, मी खाली सही करते. सही येते मला, बाईंनीच शिकवलीये.

अहो फोटोवाले, जरा सरका. काकांना पुढे येऊ द्या.

काका, सावकाश. तुमचं झालं की पेन माझ्याकडे द्या.