बांधावरची छत्री

उदगीरच्या बसस्टँडवर माझ्यामागच्या बाकावर दोघी बाया बोलत होत्या.

“विठाबाई, तुमच्या सोयाबीनवर काल ड्रोननं फवारलं म्हणं?”

“हाव. शेजारची पुनम आलती उडवायला. दहा मिनटात एकर उरकला.”

“लई हुशार पोरगी.”

“कशाची हुशार! नुसती बटनं दाबायची. मी वीस वर्षं पाठीवर पंप घेऊन फवारलं.”

“मालक खूश असतील की.”

“खूश? उन्हात तिला स्क्रीन दिसंना, तर हे तिच्यावर छत्री धरून उभे! वर ‘म्याडम, पाणी घ्या.’ माझ्यावर कधी सावली धरली न्हाई.”

“जाऊ द्या. आज छत्री घेऊन कुठं निघालात?”

“निलंग्याला, लेकीकडं. राहिलेला तुकडा फवारायला पुनम आज परत येणार हाय. घरात छत्री ही एकच हाय.”