सिंधी घरचे पापड-पाणी

हा किस्सा मी गेल्या उन्हाळ्यात, एम.ए.ची परीक्षा आटोपून वर्ध्याला परतलो त्या संध्याकाळी, माझ्या मामांकडून ऐकला. मामा शाळामास्तर. सात-आठ वर्षांपूर्वी, म्हणजे १९४८-४९च्या सुमारास, ते आणि त्यांचे मित्र दामोदरपंत दर रविवारी गावातल्या निराळ्या वस्तीत जेवायला जात. कधी मारवाड्यांकडे, कधी रेल्वेतल्या तेलुगू बाबूंकडे. एका रविवारी, फाळणीनंतर आलेल्या एका सिंधी विद्यार्थिनीच्या आईने दोघांना जेवायला बोलावले.

बसताच भाजलेले पापड आणि पाणी आले. दोघांनी ते संपवले. मग बराच वेळ काही येईना.

"मास्तर, जेवन झालं वाट्टे," दामोदरपंत पुटपुटले. "काऊन बसून राह्यला? घरदार सोडून आलेले लोक, त्याइले लाजवू नको. ऊठ!"

दोघांनी उठून नमस्कार केला. मुलीची आई स्वयंपाकघराच्या दारात थिजली.

"मास्टरजी, हमारे हाथ का नहीं खाओगे?" तिचे डोळे भरले.

मामा गडबडले. "नाई नाई, बाई! हमकू लगा, जेवन हो गया!"

"अरे, पापड़-पानी तो धूप से आए मेहमान के लिए होता है!" म्हणत ती इतकी हसली की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला.

त्या दिवशी मामांनी कोकी नावाच्या कांदा घातलेल्या जाड पोळ्या पाच खाल्ल्या, याला दामोदरपंत दुजोरा देतात. मात्र निघताना ती मुलगी हळूच म्हणाली, "सर, सिंध छोड़ने के बाद माँ आज पहली बार हँसी," हे एकट्या मामांनीच ऐकले. ते कुटुंब पुढे कल्याणला गेले. तेवढी गोष्ट मला कधीच पडताळता आली नाही.