छापखान्याच्या गल्लीतली मतं

डोळ्यांत थेंब घातल्यामुळे बाई डोळे मिटून दवाखान्याच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांचे यजमान, मास्तर, औषधं आणायला गेले होते. शेजारी दोन म्हातारे शहरातल्या जुन्या निवडणुका उकरत होते.

“पहिल्या दोन वकिलाने जिंकल्या, पुढच्या चार त्याच्या मेव्हण्याने.”

“मधे एकदा मास्तर उभे होते की! तेवीस मतांनी पडले.”

“तुमच्या छापखान्याच्या गल्लीने दगा दिला म्हणे.”

“दगा कसला? सकाळपासून रांगेत होतो आम्ही. यादीत आमच्या गल्लीचं पानच नव्हतं!”

“मग मास्तरांना सांगायचं ना.”

“गेलो होतो की दुसऱ्या दिवशी. त्यांच्या बायकोने दारातूनच हाकललं. पुन्हा तोंड दाखवू नका म्हणाली.”

“आणि मास्तर?”

“त्यांना आम्ही आलेलंही कळलं नसेल.”

नर्सने दोघांना आत बोलावलं. थोड्या वेळाने मास्तर आले.

“चल, उशीर झाला.”

“अहो, छापखान्याच्या गल्लीतून जाऊ या.”

“तिथून? तीस वर्षांत पाऊल ठेवलं नाही मी तिथे.”

“माहितेय. हात द्या मला. आणि कुणी भेटलं, तर आधी मला बोलू द्या.”