डाव्या स्टेरिंगची गाडी

काय सांगू तुम्हाला, माझा जन्म घोटीकडचा, भाताच्या खाचरातला. आबाला मी एकटीच लेक, म्हनून लग्न झाल्यावर मालकच आमच्या घरी ऱ्हायला आले. आबाची एक पिकअप व्हती, देवळालीच्या लष्करी लिलावातली, लढाईच्या टायमाची, स्टेरिंग डाव्या बाजूला, पुढची काच दोन तुकड्यांची, मागचा हौदा सागाचा, पुढनं लोखंडी हँडल मारलं की चालू व्हायची. आबानं तिचं काय बी बदललं नाय, रंग उडाला तरी तोच हिरवा, सीट फाटली तर गोधडी शिवून घातली पन सीट तीच. मला शेतात फिरवून शिकवली, बाया तोंडाला पदर लावून हसायच्या, हसू दिलं.

आबा गेला दुष्काळ सरल्यावर. जाताना चार मानसांत म्हनला, गाडी यमुनेची. झालं, तितंच ठिनगी पडली. भागा माझा चुलतभाऊ, आबाच्या मांडीवर वाढलेला, त्याला वाटायचं गाडी आपल्यालाच येनार. म्हनला, यमे, बाईच्या जातीला कशाला गाडी, अन् तुझ्या घरजावयाला तर नायच नाय. मी म्हनलं, भागा, आबाचं बोलनं तू कानानं ऐकलंस. तो थुंकला अन् गेला.

मग एक दिस सकाळीच आला, संगती दोघं, हातात कुऱ्हाड अन् पहार. आमी गाडीत भात भरत व्हतो. काय बोलना ना चालना, आधी दिवे फोडले, मग काच, काचंचे तुकडे पार भातात. बॉनेटवर पहार घालतोय, घालतोय, म्हनतोय मला नाय तर कोनालाच नाय. मालक गरीब मानूस, कधी कोनाला आरं म्हनले नाय, ते मधी गेले, हात जोडून म्हनले, भागाभाऊ, आबाची चीज हाय ती. त्यानं पहार टाकून कुऱ्हाड घेतली, उलटी केली अन् डोक्यात घातली. आवाज अजून माझ्या कानात हाय बघा, नारळ फुटावा तसा. मालक हौद्याच्या फळीवर पडले, फळी लाल. भागानं पुन्हा हात उचलला. मी सीटखालचं लोखंडी हँडल वढलं अन् त्याच्या कोपरावर घातलं, मग खांद्यावर, मग कुठं ते मला ठावं नाय, घालतच व्हते, तो वरडतोय यमे, यमे, बहीन हायस गं माझी, अन् मी घालतेच हाय. संगतीचे पळाले.

मालकांना तसंच हौद्यात निजवलं, शेजारनीनं डोकं मांडीवर धरलं, अन् मी गाडी काढली. काच नाय, दिवे नाय, बॉनेट उघडून डोळ्यासमोर यायचं म्हनून लुगड्याच्या पट्टीनं बांधलं. नाशिकपातूर वारं अन् धूळ तोंडावर. मागनं शेजारीन सांगायची, अजून धुकधुकी हाय, चल, चल. सरकारी दवाखान्यात पोचलो तवा माझे हात स्टेरिंगवरनं सुटंनात.

मालक वाचले. पन उजवं अंग गेलं अन् वाचा गेली. भागा जेलात गेला, सुटला, वाकड्या हातानं जगला, आमी एकमेकांकडं कधी बघितलं नाय. मला लोक इचारतात, भागाचं वाईट वाटलं का गं? काय सांगू, वाटतं बी अन् नाय बी.

त्याच गाडीत मी इतकी वरसं भात वाहिला, टमाटे वाहिले, घर चालवलं. काच अन् दिवे तेवढे घातले, बाकी इंजिन तेच, हौदा तोच, फळी घासली तरी डाग गेला नाय. परवा मुंबईचा एक शौकीन आला, म्हनला, बाई, अशी अस्सल गाडी आता मिळत नाय, मी बॉनेटचे पोचे काढून नवी करतो, इकता का? आता माझ्यानं बी वढवत नाय, गुडघे गेले, म्हनून मनात आलं देऊन टाकावी. मालकांना इचारलं. ते काठी टेकत उठले, गाडीत जाऊन बसले, अन् डाव्या हातानं दार लावून घेतलं. मी त्या मानसाला च्या पाजला अन् वाटंला लावलं.

हे बघा, आता बी तितंच बसलेत. बसू द्या. देवानं त्यांना माझ्याआधी न्यावं, माझ्यामागं त्यांना तितनं हात धरून उतरवनारं कोन हाय?